हरकतींचा रकाना

माझ्या सासूबाईंना माझी नोकरी शेवटपर्यंत समजली नाही. शेजारच्या बायकांना त्या सांगायच्या की आमची सून जीपमध्ये बसून खेड्यात जाते, तिथं बायकायशी बोलते, घरी येऊन ते इंग्रजीत लिहिते, अन् त्याचा तिले पगार भेटते. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ऐकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर 'ते ठीक आहे, पण काम काय करते?' हा प्रश्न तसाच राहायचा, आणि खरं सांगायचं तर सासूबाईंच्याही.

तर काम काय, ते आधी सांगते. जगात काही मोठ्या संस्था आहेत. त्यांची मुख्य कार्यालयं जिनिव्हात, रोममध्ये असतात, आणि एक शाखा दिल्लीत असते. त्यांना खेड्यातल्या लोकांच्या जोडीनं काम करायचं असतं, आणि मनापासून करायचं असतं. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे परदेशी संस्था म्हटलं की काहीतरी काळंबेरं असणारच असं धरून चालतात. दुसऱ्या बाजूला भातकुली तालुक्यातल्या एखाद्या गावात बायकांचा एक गट असतो. त्यांनी कोणाला न विचारता, कोणाच्या भाषणाशिवाय काहीतरी शहाणपणाचं उभं केलेलं असतं. या दोघांची गाठ घालून द्यायची, एकाचं दुसऱ्याला समजावून सांगायचं, पाहुणे आणायचे, अहवाल लिहायचे आणि दोघांचं फाटू द्यायचं नाही. अमरावतीतल्या एका लहान संस्थेत मी हे काम जन्मभर केलं. कागदावर माझा हुद्दा 'भागीदारी समन्वयक' असा होता. नवरा म्हणायचा, सरळ सांग ना, सोयरीक जुळवते म्हणून. फरक इतकाच, की आमच्या सोयरिकीत एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे आणि दोन्हीकडचं बोलणं माझ्या एकटीच्या तोंडून जात असे.

मी मूळची अकोल्याची, जुन्या शहरातली. आमच्याकडे बोलणं म्हणजे सरळसोट. लग्नाआधी माझी पुण्याची एक मैत्रीण घरी राहायला आली होती. सकाळी माझे आईवडील भांडून राहिले असं समजून ती बिचारी संकोचानं अंगणात जाऊन उभी राहिली. ते दोघं भाजी कोणती करायची ते ठरवत होते. या बोलण्याची मला लाज नव्हती, पण पाहुण्यांपुढे ते जसंच्या तसं ठेवता येत नाही हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकले.

अकोल्यात भाजी विकणाऱ्या बायकांचा एक गट होता. एका संस्थेच्या फॉर्मात प्रश्न होता की दहा वर्षांनी तुमची संस्था तुम्हाला कुठे दिसते. मी तो मराठीत वाचून दाखवला. गटाच्या पुढारी बाई सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, अठीच दिसते, मोर्णेच्या या काठाले. पूर आला तं त्या काठाले. मी इंग्रजीत लिहिलं, की संस्था आपल्या परिसरात घट्ट रुजून संकटांना तोंड देण्याची क्षमता वाढवू इच्छिते. त्या वाक्याचं दिल्लीत फार कौतुक झालं. एका कार्यशाळेत ते मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवलं. मी मागच्या रांगेत बसून पाहत होते, आणि आता कशाला खोटं बोलू, मला आनंद झाला.

सेमाडोहला एक साहेब आले होते. सडपातळ, गंभीर माणूस. जंगलातल्या गावांच्या समितीशी त्यांना बोलायचं होतं, आणि जमलं तर वाघही पाहायचा होता. वाघ काही दिसला नाही, माकडांनी मात्र त्यांच्या हातची बिस्किटं पळवली. समितीतले एक वृद्ध कोरकू गृहस्थ त्यांचे सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेऊन हिंदीत म्हणाले, हे सगळं मागच्या वर्षीही विचारलं होतं, तेव्हाची उत्तरं हरवली का? मी साहेबांना सांगितलं की तुमच्या संस्थेनं सातत्यानं रस घेतला याचं त्यांना अप्रूप वाटतं. साहेबांनी हात जोडले, आजोबांनीही जोडले. परतताना गाडीत साहेब म्हणाले की इथले लोक किती सौम्य आहेत.

याला मी मनातल्या मनात इस्त्री म्हणायचे. दोन्हीकडचं बोलणं घ्यायचं, सुरकुत्या काढायच्या, घडी घालून पुढं द्यायचं. ही कला होती आणि ती मला येत होती. आमच्या संचालकांकडे बाहेरचे लोक खास माझी मागणी करायचे. इतर दुभाषे आणले की बैठका बिघडतात, मी असले की बिघडत नाहीत, अशी माझी ख्याती होती. पुढं जे झालं ते या ख्यातीमुळेच झालं.

भातकुलीकडचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. जमीन काळीभोर, कसदार, आणि खालचं पाणी खारं. विहीर खोदा, बोअर मारा, तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. त्या पाण्यानं मेथी करपते आणि त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तासभर शिजवा, दाणा दाताखाली येतोच. नळाचं पाणी येतं, पण ते कधी येईल याचा नेम नसतो.

अशाच एका गावात गोकर्णाबाई राहतात. नाव मी बदललं आहे. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या, माळ्याच्या घरच्या, भाजीपाला लावणाऱ्या आणि भातकुलीच्या बाजारात बसून विकणाऱ्या. एका उन्हाळ्यात त्यांच्या ध्यानात आलं, की नाल्याच्या वळणावर, बुजलेल्या जुन्या विहिरीच्या बाजूला, सांडलेल्या बियांची मेथी आपोआप उगवली आहे आणि हिरवीगार आहे. त्यांनी तिथं हातभर उकरून पाणी चाखलं. गोडं होतं. एवढ्यावरून त्यांनी गावातल्या बायका गोळा केल्या. त्यांनी विहीर उपसली, गाळ डोक्यावर वाहिला, आणि नाल्यात दगडांचा बांध घातला म्हणजे पावसाचं पाणी थांबून मुरेल.

त्या विहिरीचं शास्त्र गोकर्णाबाईंनीच मला समजावलं. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली असतं. हळू काढलं तर गोडं मिळत राहतं, मोटर लावून ओढलं तर खारं वर येतं. म्हणून मोटर लावायची नाही, बादलीनंच काढायचं, घरटी दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, तेही पाळीनं. आणि ज्या घरी लग्न किंवा बाळंतीण असेल, त्या घराला त्या दिवशी सगळ्यांनी आपापली पाळी द्यायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. गटाची नोंदणी नव्हती, अध्यक्ष नव्हती, शिक्का नव्हता. तरी मी तिथं वर्षानुवर्षं गेले आणि पाळीवरून भांडण झाल्याचं एकदाही ऐकलं नाही.

हा गट मी शोधला असं मी अहवालात लिहिलं. त्या बायका काही हरवल्या नव्हत्या, पण लिहायची पद्धत तशी होती.

एका आंतरराष्ट्रीय संस्थेला खाऱ्या पाण्याच्या भागात काम करायचं होतं. त्यांच्या दिल्लीच्या कार्यालयातून मार्गारेट आली. साठीला टेकलेली, उंच, पायात कापडी बूट, कानात काही नाही, आणि सगळं ऐकून एका लहान वहीत लिहून घेणारी. गावात तिला मारगेटबाई म्हणत. ती त्या विहिरीच्या प्रेमातच पडली. बांधावर उन्हात बसून राहायची. तिच्या मनात होतं, की गावात पाणी शुद्ध करायचा प्लान्ट बसवावा, म्हणजे विहिरीतलं दोन गुंड पाणी स्वयंपाकाला राहील आणि पिण्याचं पाणी सगळ्या गावाला मिळेल. प्लान्ट चालवायचा याच बायकांनी. बायकांनाही ते पटलं होतं. प्लान्टला कोणाचा विरोध नव्हता, हे लक्षात ठेवा.

विरोध जागेला होता. बाहेरून आलेल्या इंजिनिअरनं नकाशावर जागा आखली ती नाल्याच्या काठी, विहिरीच्या वरच्या अंगाला. जमीन मोकळी होती, वीज जवळ होती. आता या प्लान्टचं असं असतं, की तो खाऱ्या पाण्यातून जितकं चांगलं पाणी काढतो, तितकंच किंवा त्याहून जास्त, दुप्पट खारं झालेलं पाणी मागं टाकतो. ते कुठेतरी सोडावं लागतं. नकाशात ते नाल्यात सोडलं होतं.

मार्गारेट चौथ्यांदा आली ती याच कामासाठी. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या बायका जमल्या. तिच्या हातात शेवटचा फॉर्म होता आणि त्यात खाली एक रकाना होता, गावकऱ्यांच्या हरकतींचा. तो भरल्यावर फाइल मंजुरीला जायची. तिनं मला सांगितलं, की यांना काहीही नको असेल, काहीही चुकीचं वाटत असेल, तर ते मला आजच कळलं पाहिजे. तिनं 'आजच' हा शब्द दोनदा वापरला. मी तो प्रश्न बायकांना नीट सांगितला. इथपर्यंत माझं चुकलं नाही.

गोकर्णाबाई उभ्या राहिल्या. त्या बराच वेळ बोलल्या, आणि आमच्याकडे बोलतात तसंच बोलल्या. म्हणाल्या की नकाशा काढणाऱ्यानं विहीर पाहिली होती की झोपेत काढला. तुमची मशीन खारं पाणी नाल्यात सोडणार, नाला बांधाला येऊन थांबणार, तिथून ते विहिरीत मुरणार, हे लहान लेकराला कळते. आमी डोक्यावर गाळ वाहून हे पाणी गोडं केलं, ते तुमी मशीन लावून खारं करता, आणि वरून आमचेच फोटो काढता. मग त्यांनी सरळ मार्गारेटकडे पाहिलं.

"या जागेवर नको म्हंजे नको. लावाचं असन तं पांदीच्या पलीकडं लावा. नाहीतं वापस घेऊन जा, आमाले नको तुमचं पाणी."

पांद म्हणजे शेतांकडे जाणारी गाडीवाट, नाल्यापासून लांब. बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. मार्गारेट पेन घेऊन माझ्याकडे पाहत होती.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते लिहिते. अकोल्याकडच्या एका गावात काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ अशाच बैठकीत पाहुण्यांना काही उलट बोलले होते. एका नवशिक्या पोरीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, पाहुणे उठून गेले आणि पुन्हा आले नाहीत. त्या दोन गोष्टींचा खरंच संबंध होता की नाही, मी कधी विचारलं नाही. पण 'नाही' म्हटलं की फाइल बंद होते, हे मी तेव्हापासून गाठीला बांधून ठेवलं होतं. दुसरं कारण सांगायची लाज वाटते. याच भागीदारीवर बोलायला मला बँकॉकला बोलावलं होतं. तिकीट यायचं होतं. मी विमानात बसले नव्हते तोवर.

मी मार्गारेटला सांगितलं, "त्या आभारी आहेत. विहिरीवर त्यांचं फार प्रेम आहे. जागेबद्दल एक लहानशी सूचना आहे, ती पुढं अंमलबजावणीच्या वेळी पाहता येईल."

ती म्हणाली, "एवढंच? त्या तर खूप वेळ बोलल्या."

आणि मी हसून म्हणाले, की आमच्याकडे बायका बोलणं लांबवतात.

माझ्याच माणसांबद्दल, त्यांच्याच समोर, त्यांना न कळणाऱ्या भाषेत मी हे म्हणाले. बाकीचं सगळं मी स्वतःला कधी ना कधी माफ केलं असेन, हे वाक्य केलेलं नाही.

मार्गारेटनं रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं. मग ती उठली, गोकर्णाबाईंपाशी गेली आणि हसून त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. गोकर्णाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि सुनेला म्हणाल्या, चहा आण.

मी अगदीच निर्दय होते असं नाही. दुसऱ्याच दिवशी इंजिनिअरला गाठून सांगितलं, की बाबा, जागा राहू दे, पण टाकाऊ पाण्याचा पाइप पांदीच्या पलीकडे ने. तो हो म्हणाला. माणूस हो म्हणाला की काम झालं, असं मानायची आमच्या धंद्यातच सवय. पाइप नाल्यापाशीच संपला. फीत कापायच्या दिवशी मी तो पाहिला आणि वाटलं, पुढच्या टप्प्यात करून घेऊ. पुढचा टप्पा आलाच नाही. मी बँकॉकला जाऊन आले. भाषण चांगलं झालं.

पहिलं वर्ष गाव खूश होतं. प्लान्टवर बायका पाळीनं बसायच्या, कॅन भरून द्यायच्या. दुसऱ्या उन्हाळ्यात गोकर्णाबाईंच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि मला बोलावणं आलं. त्या स्वतः अमरावतीला माझ्या घरी कुंकू लावायला आल्या होत्या, एस.टी.नं, उन्हाच्या.

त्या दिवशी नियमाप्रमाणे सगळ्या घरांनी आपली पाळी त्यांना दिली होती. स्वयंपाक विहिरीच्या पाण्यात झाला. पंगत बसली, पानात भात पडला, वरण आलं. पहिला घास घेतला आणि डाळीचा दाणा माझ्या दाताखाली कचकन आला. मी शेजारी पाहिलं. सगळे मुकाट्यानं जेवत होते. वराकडची एक म्हातारी घास तोंडात फिरवत बसली होती. गोकर्णाबाई स्वतः वाढत होत्या. माझ्यापाशी आल्या, वरण वाढलं, "घ्या ताई, सावकाश," म्हणाल्या आणि पुढं गेल्या. मी पानातलं सगळं वरण खाल्लं. त्यापेक्षा दुसरं काही करता येईल असं मला त्या वेळी सुचलं नाही.

त्यानंतर मी पत्रं लिहिली, फोन केले. प्रकल्पाची मुदत संपली होती. मार्गारेट निवृत्त होऊन तिच्या देशी परत गेली होती. दिल्लीच्या नव्या साहेबांनी फाइल पाहून मला फार नम्रपणे कळवलं की गावकऱ्यांनी त्या वेळी कुठलीही हरकत नोंदवलेली नाही. पुढं प्लान्टची मोटर जळली, मग आतल्या जाळ्या बुजल्या, मग कुलूप लागलं. विहीर मात्र खारी झाली ती झालीच. बायका आता बाहेरून येणारे कॅन विकत घेतात, किंवा नळाची वाट पाहतात. गोकर्णाबाईंनी मेथी लावणं सोडलं. आमच्या संस्थेच्या त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो आहे, हातात पाण्याचा पेला घेतलेला. छान आला आहे.

मार्गारेट दर नवीन वर्षाला मला ईमेल करते. त्यात शेवटी हमखास विचारते की गोकर्णा कशी आहे आणि तिची विहीर कशी आहे. मी दरवर्षी उत्तर द्यायचे, की सगळे तुझी आठवण काढतात. ते खरंही आहे.

या अंकाच्या संपादकांनी मला कामातले यशाचे प्रसंग लिहा म्हणून सांगितलं. मी बसले, आठवू लागले, आणि दरवेळी त्या व्हरांड्यातच जाऊन पोचले. मग ठरवलं, की हेच लिहायचं, पण गोकर्णाबाईंना सांगितल्याशिवाय नाही. इतक्या वर्षांनी त्यांच्या दारात गेले. त्या ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. मी इकडचं तिकडचं बोलले नाही. सांगून टाकलं, की त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी त्या बाईला सांगितलंच नव्हतं.

त्यांचे हात थांबले नाहीत. "माईत हाय मले," त्या म्हणाल्या. "तवाच समजलं."

मी विचारलं, कसं काय? तुम्हाला तर इंग्रजी येत नाही.

"मी एवढी भांडली, अन् ते बाई येऊन माये हात धरते? भांडणाऱ्या बाईचे कोणी हसून हात धरते काय, ताई?"

मग त्याच वेळी बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी अगदीच पोरकट विचारल्यासारखं.

"पाहुण्यापुढं आपल्या माणसाले खोटं पाडाचं? तुमी आमच्यातल्या होत्या."

मी रडले. त्या नाही रडल्या. थोड्या वेळानं त्यांनीच माझी समजूत काढली. म्हणाल्या, की तुम्ही सांगितलं असतं तरी काय झालं असतं? मोठ्या लोकायचं आधीच ठरलेलं राहते, आपण बोलतो ते त्यायच्या कानापर्यंत जात नाही. आमी सगळ्या जणी तसंच समजून राहिलो, म्हणून मनात काही ठेवलं नाही. लिहाचं तं लिहा. मग निघताना म्हणाल्या, की त्या बाईलेही एकदा खरं सांगून द्या, तिचा काय दोष, ते तं इचारत होती.

घरी आल्यावर मी मार्गारेटला लिहिलं. गोकर्णाबाईंचं त्या दिवशीचं बोलणं, झोपेत काढलेल्या नकाशासकट, सगळं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदा इस्त्री न करता. विहिरीचं सांगितलं, वरणाचं सांगितलं, बायका बोलणं लांबवतात हे मी म्हणाले होते त्याचीही आठवण दिली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. तिनं मला दोष दिला नव्हता, दिला असता तर बरं वाटलं असतं. तिनं लिहिलं होतं, की आमच्या कार्यालयात हरकत नसलेल्या फॉर्मवर कोणी फारसा विश्वास ठेवत नसे. मी चार वेळा आले ते कोणीतरी 'नाही' म्हणावं म्हणूनच. जागा बदलायला मला फक्त एक कागद भरावा लागला असता. तो कोरा कागद त्या दिवशी माझ्या बॅगेतच होता.

ते पत्र घेऊन मी पुन्हा गोकर्णाबाईंकडे गेले. मला वाटलं, त्यांना कळायला हवं की त्यांचं ऐकणारं कोणीतरी तिथं होतं. यात त्यांचा मान आहे, असं माझ्या डोक्यात होतं. ओसरीवर बसून मी ते वाचलं, एकेक ओळ, आपल्या बोलीत, काही न गाळता. कागदाची ओळ आली तिथं त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे जागा बदलली असती?"

हो, म्हटलं.

"त्याच दिवशी?"

हो.

त्यांनी नाल्याच्या दिशेला पाहिलं. सून चहा घेऊन आली आणि आमच्याकडे पाहून तशीच आत गेली. मी कागदाची घडी घातली.

"हे नसतं सांगतलं तं चाललं असतं, ताई," गोकर्णाबाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.